आधी मोजणी, मग मान वर

प्रश्न: ताई, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत मी हिशेब लिहिते. कुणी चढ्या आवाजात बोललं की बरोबर असूनही ‘सॉरी, सॉरी’ करत सुटते. काय करू?

उत्तर: अगं, साताऱ्यात बँकेच्या कॅश काउंटरवर माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. कुणी खेकसलं की मोजणी चुकायची. मग ठरवलं, १०० नोटांचं बंडल पुरं मोजून, रबर लावून, मगच मान वर करायची. तेवढ्यात समोरच्याचा पारा निम्म्यावर यायचा. (उरलेला निम्मा त्याचा त्याच्यापाशी.)

आमच्या जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई शाळेत जाताना सोबत जादा लुगडं न्यायच्या. वाटेत कुणी शेण फेकलं तर पोचल्यावर लुगडं बदलून शिकवायला उभ्या. भांडत बसायला वेळ कुठं होता!

तू हिशेबाची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा कागद, ओरडणाऱ्याकडे फिरव, आकड्यावर बोट ठेव. “काका, वजन हे, दर हा, हमाली-तोलाई ही. कुठं चुकलंय, दाखवा.” आणि गप्प बस. हे गप्प बसणंच अवघड, घरी आरशासमोर करून बघ. चूक निघालीच तर ‘माझं चुकलं’ एकदाच म्हण. आणि हो, आकडे पेन्सिलीनं लिहीत नाहीस ना?