ऑर्गनॉइडला मराठीत काय म्हणावं?

बडोद्यातल्या मुलांसाठी मराठीत विज्ञानाचं भित्तिपत्रक करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: संसर्गजन्य रोगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत जे ऑर्गनॉइड, म्हणजे एखाद्या अवयवासारखी रचना असलेले पेशींचे इवले गोळे, वाढवतात, त्यांना ‘अंगक’ म्हणावं, ‘लघुअवयव’ म्हणावं, की इंग्रजी शब्दच ठेवावा?

‘अंगक’ नको. तंतुकणिका, हरितलवक यांना पाठ्यपुस्तकात ‘पेशीअंगक’ म्हणतात. पेशीच्या आतला भाग आणि शेकडो पेशींचा गोळा या दोन्हींना एकच नाव दिलं तर मुलं हमखास गोंधळतील. ‘अंग’ सुचण्याचं कारण मात्र समजतं. बडोद्यात गुजराती-हिंदीतलं ‘अंगदान’ रोज कानावर पडतं, त्यामुळे अंग म्हणजे ऑर्गन हे डोक्यात बसून जातं. मराठीत आपण अवयवदान म्हणतो, कारण आपलं अंग म्हणजे सगळं शरीर. तापात अंग मोडून येतं, नवरदेवाच्या अंगाला हळद लागते. यकृताला किंवा आतड्याला आपण एकेकटं ‘अंग’ म्हणत नाही.

‘लघुअवयव’ कानाला बरा वाटतो, पण अर्थाने फसवतो. सगळं काही आहे, फक्त आकार लहान, असं तो सांगतो. 2009 मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूलपेशीपासून (स्टेम सेल, जिच्यापासून इतर पेशी तयार होतात) असे गोळे वाढवले. त्यांत आतड्याचं अस्तर होतं, त्याच्या घड्यांसारखी रचनाही होती. रक्तवाहिन्या, स्नायू, मज्जातंतू, रोगप्रतिकारक पेशी मात्र नव्हत्या. म्हणून विषाणू अस्तराच्या पेशीत कसा शिरतो हे अशा गोळ्यात दिसतं. ताप कसा चढतो हे दिसत नाही, आणि शब्दानेही तसं सुचवू नये.

माझं मत ‘अवयवकल्प’ला. ‘कल्प’ या प्रत्ययाचा अर्थ पाणिनीने ‘ईषदसमाप्तौ’ असा दिला आहे: पूर्ण व्हायला थोडंसं कमी. मृतकल्प म्हणजे मेल्यात जमा, पण मेलेला नव्हे. अवयव व्हायला थोडा कमी पडणारा तो अवयवकल्प. ‘प्रकल्प’ आठवून कुणी अडखळेल, म्हणून पहिल्यांदा ‘ऑर्गनॉइड म्हणजे अवयवकल्प’ असं लिहावं. बोलताना ऑर्गनॉइड खुशाल म्हणावं.

नावापेक्षा क्रियापदं जास्त घात करतात. हे गोळे एका जेलच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, थेंबात वाढतात, आणि मराठी लेखांत हमखास ‘जेल गोठते’ असं येतं. आपल्याकडे पाणी गोठतं, तूप थिजतं, दोन्ही गारठ्याने. हे जेल उलट वागतं. बर्फावर पातळ राहतं आणि 37 अंश सेल्सियसला घट्ट होतं. म्हणून पिपेटची, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या नळीची, टोकंही आधी गार करून ठेवतात, नाहीतर जेल टोकातच बसतं आणि पेशी त्यात अडकतात. साधारण 50 मायक्रोलिटरचा थेंब ताटलीच्या खळग्यात सोडून 10 ते 20 मिनिटं उबेत ठेवला की तो घुमटासारखा उभा राहतो. मग वरून पोषकद्रव घालतात आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. तेव्हा ‘घट्ट होतं’ किंवा ‘बसतं’ म्हणावं, ‘गोठतं’ नव्हे.

दुसरा शब्द ‘उलटा’. आतड्याच्या अवयवकल्पात अन्न जाण्याची पोकळी आत असते. बाहेरच्या द्रवात विषाणू सोडला तर त्याला अस्तराची मागची बाजू भेटते, आणि पोटातून येणारा विषाणू खऱ्या आतड्यात तर पोकळीकडून शिरतो. यावर तीन उपाय आहेत: बारीक सुईने विषाणू आत सोडायचा, गोळ्याचे तुकडे करून त्यांना विषाणू लावायचा, किंवा जेल पूर्ण धुऊन गोळा द्रवात तरंगत ठेवायचा. तिसऱ्या उपायात काही दिवसांत आतली बाजू बाहेर येते. जेल थोडं जरी चिकटून राहिलं तरी पुष्कळ गोळे उलटत नाहीत. याला ‘उलटा अवयवकल्प’ म्हणायला हरकत नाही, कारण ‘सदरा उलटा घातला’ यात हाच अर्थ आहे. फक्त पहिल्यांदा ‘आतली बाजू बाहेर आलेला’ अशी फोड करावी, नाहीतर वाचक डोकं खाली, पाय वर असं समजेल.

‘लागण’ मात्र निःशंक वापरा. लागण माणसाला होते. प्रयोगात ती करतात. शेतकरी उसाचीही लागण करतो, म्हणजे ‘मुद्दाम लावणं’ हा अर्थ शब्दात आहेच. ‘संक्रमित केले’ हे हिंदीच्या वळणाचं आहे.

भित्तिपत्रकासाठी वाक्य असं करता येईल: ‘जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस 1972 मध्ये सापडला, पण माणसाला होणारा प्रकार प्रयोगशाळेत नीट वाढत नव्हता. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी मानवी आतड्याच्या अवयवकल्पांना त्याची लागण केली, आणि तो वाढला. त्याच्या काही प्रकारांसाठी मात्र पित्तही घालावं लागलं.’