सुतारकाम येत नसताना प्लायवुड आणि इपॉक्सी वापरून घरी छोटी होडी बनवता येईल का?

येईल. मी अकरा फुटी होडी बनवली, रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत. त्याआधी माझं सुतारकाम म्हणजे देव्हाऱ्याखाली ठोकलेली एक फळी. त्यामुळे सुतारकामाची काळजी सोडा. आपल्याकडे खरं नडतं ते हवामान.

पद्धतीला स्टिच अँड ग्लू म्हणतात, म्हणजे शिवा आणि चिकटवा. नकाशाप्रमाणे प्लायचे तुकडे कापायचे, कडेपासून सेंटीमीटरभर आत बारीक भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने तुकडे एकमेकांना शिवायचे. तारा पिळत गेलं की सपाट प्लायला आपोआप होडीचा आकार येतो. मग सांधे इपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून होणाऱ्या गोंदाने, चिकटवायचे आणि लाकडावर त्याचेच थर द्यायचे. पहिल्या संध्याकाळी तो आकार उभा राहिला तेव्हा शेजारचे काकासुद्धा चहा टाकून बघायला आले. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात 'मिरर' नावाची डिंगी (छोटी शिडाची होडी) लोकांनी अशीच हजारोंनी घरी बांधली. तिच्या दोन रचनाकारांपैकी बॅरी बकनेल हा तर टीव्हीवर घरगुती दुरुस्त्या शिकवणारा माणूस. तेव्हा इपॉक्सीऐवजी पॉलिएस्टर रेझिन वापरत, एवढाच फरक.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच (म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक) घ्या, पण शिक्क्यावर भरवसा ठेवू नका. एक तुकडा कापून कडेला आतल्या थरांत पोकळ्या दिसतात का बघा, मग तो जुन्या पातेल्यात दोन-चार तास उकळा. थर सुटले तर तो प्लाय फर्निचरला द्या. ६ मिमीचे तीन तक्ते मला पुरले.

आता इपॉक्सी. मे महिन्यात मी आइस्क्रीमच्या डब्यात अर्धा किलो एकदम कालवलं. दहा मिनिटांत डबा हाताला चटका देऊ लागला, मग धूर, मग डब्याचा तळच बसला. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते, खोल भांड्यात ती अडकते आणि त्या उष्णतेने अभिक्रिया आणखी धावते. म्हणून एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच कालवा, लगेच पसरट ट्रेमध्ये ओता आणि हार्डनर सावकाश सेट होणारा मागा. प्रमाण काट्यावर मोजा, डब्यावर दिलंय तेच. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालण्याचा शहाणपणा मी केलाय. हार्डनर हे विरजण नाही, रेझिनच्या बरोबरीने अभिक्रियेत खर्च होणारा घटक आहे. जादा झालेला तसाच उरतो आणि थर काकवीसारखा चिकट राहतो. मला तो पटाशीने खरवडावा लागला.

जुलैत उलटंच. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट साय आली. हार्डनरमधले अमाइन हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून ती धरतात. तिच्यावर पुढचा थर नीट बसत नाही. आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा, नाहीतर ती साय सगळीकडे पसरते. थोडक्यात, काम दिवाळीनंतर काढा. आणि थर संध्याकाळी द्या. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि थरात बुडबुडे धरतात.

सांध्यांच्या आतल्या कोपऱ्यात भरायला इपॉक्सीत सिलिका आणि लाकडाची बारीक पूड घालून चक्क्याइतकं घट्ट करा. चमच्याच्या पाठीने गोलाई द्या, वर काचकापडाची (फायबरग्लासच्या कापडाची) पट्टी. बाहेरच्या कडा रंध्याने गोल करा, धारदार कोपऱ्यावर काचकापड वळत नाही.

लाकूड-इपॉक्सी टिकतं का, असं कोणी विचारलं तर 'म्हादेई' सांगा. गोव्यात दिवाडीला बांधलेली ५६ फुटी शिडाची नौका, रेड सीडरच्या पट्ट्या, वर काचकापड आणि इपॉक्सी. २००९-१०मध्ये दिलीप दोंदे एकट्याने तिच्यातून जगप्रदक्षिणा करून आले.

दोन गोष्टी राहिल्या. नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, माझ्या मनगटावर अजून पुरळ उठतं. आणि इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वरून रंग किंवा यूव्ही रोखणारं वॉर्निश हवंच. मी नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, वीतभर भाग 'लाकूड दिसू दे' म्हणून नुसत्या इपॉक्सीवर सोडला होता. एका उन्हाळ्यात तो पिवळा पडून पापुद्रे सुटले. आता तिथे निळा ऑइल पेंट आहे.