पॅरिसच्या ‘सलों’मध्ये चित्र लागणे चित्रकारांना एवढे महत्त्वाचे का वाटत असे?

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये चित्रांचे खासगी विक्रेते असतानाही फ्रेंच चित्रकार ‘सलों’ या सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांपुढे वर्षानुवर्षे का तिष्ठत राहिले, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर कलेपेक्षा पोटापाण्याच्या प्रश्नात अधिक सापडते. १८८१ साली रन्वार या चित्रकाराने आपले विक्रेते द्युराँ-रुएल यांना पत्रातून कळवले होते की, सलोंच्या शिक्क्याशिवाय एखाद्या चित्रकाराला दाद देणारे रसिक पॅरिसमध्ये जेमतेम १५ असतील, पण सलोंबाहेरच्या माणसाकडून काहीही विकत न घेणारे ८०,००० आहेत. हे आकडे अर्थातच त्राग्याचे आहेत; त्यामागची अडचण मात्र खरी होती.

लूव्र राजवाड्यातील ज्या दालनावरून या प्रदर्शनाला नाव मिळाले, तेथे पूर्वी केवळ राजाश्रित अकादमीच्या सदस्यांची चित्रे लागत. राज्यक्रांतीनंतर, १७९१ मध्ये, ते इतर चित्रकारांनाही खुले झाले आणि पुढे त्याला जत्रेचे रूप आले. ज्यांना चित्र विकत घेणे कधीच परवडणार नव्हते, असे लोकही तेथे गर्दी करून मते देऊ लागले, वर्तमानपत्रांतून बोदलेरसारखे कवी त्यावर लिहू लागले आणि दोमिए चित्रांची नव्हे, तर ती पाहणाऱ्यांचीच व्यंगचित्रे काढू लागला.

१८६३ मध्ये परीक्षकांनी निम्म्याहून अधिक कलाकृती नाकारल्या, तेव्हा तक्रारींचा गदारोळ पाहून सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवले. चित्रकारांच्या स्वातंत्र्याचा विजय म्हणून ही घटना सांगितली जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. एदुआर माने याचे वस्त्रधारी पुरुषांसोबत विवस्त्र स्त्री बसल्याचे चित्र पाहून लोक हसले, म्हणजे परीक्षकांचा निकाल जनतेने जवळपास कायमच केला. तरीही निकाल देणारे एकटे परीक्षक नाहीत, प्रेक्षकही आहेत, हे खुद्द सरकारने मान्य केले होते आणि ते पुन्हा मागे घेता येण्यासारखे नव्हते.

दोन वर्षांनी एक गंमत झाली. चित्रे आडनावाच्या आद्याक्षरानुसार लावली जात असल्यामुळे माने आणि तेव्हा अगदी अपरिचित असलेला मोने यांची चित्रे एकाच दालनात आली आणि मोनेच्या सागरचित्रांबद्दल लोक मानेचे अभिनंदन करू लागले. ‘ऑलिंपिया’ या आपल्या विवस्त्र स्त्रीच्या चित्रावरून शिव्या खात असलेल्या मानेला ते मुळीच रुचले नाही.

१८७४ मध्ये मोने, रन्वार, देगा आदींनी छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा माने त्यात सामील झाला नाही, कारण खरी लढाई सलोंमध्येच लढायची, असे त्याचे मत होते. १८८१ मध्ये त्याला तेथे दुसऱ्या श्रेणीचे पदक मिळाले आणि त्यामुळे परीक्षकांपुढे न जाता चित्र लावण्याचा हक्कही मिळाला. तो हक्क त्याला पुढच्या वर्षी एकदाच वापरता आला. १८८३ मध्ये तो वारला.