बुलेट सोडून स्कूटर घ्यावी का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी ६८ वर्षांचा असून इंदूरला सुदामा नगरात राहतो. १९८६ साली घेतलेली बुलेट मी आजही चालवतो. गेल्या पावसाळ्यात खजुरी बाजारात गाडी मागे घेताना खडीवरून पाय सरकला आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. मला लागले काही नाही, पण दोन मुलांनी गाडी उचलून दिली आणि त्यांतला एक जण ‘काका, आता स्कूटर घ्या’ असे म्हणाला, ते मात्र लागले. उजवा गुडघा दुखतो, किक मारणे जड जाते आणि थोडा कंबरेचाही त्रास आहे. स्कूटर घ्यावी का? घेतली तर तिची सवय व्हायला किती दिवस लागतील? आणि बुलेटचे काय करावे?

उत्तर : त्या मुलाचे बोलणे मनाला लावून घेऊ नका, पण मनावर मात्र घ्या. गाडी पडली तेव्हा ती उभी होती आणि आपण तिच्या शेजारी किंवा तिच्यावर बसून ती मागे ढकलत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वय झालेल्या चालकाची गाडी पहिल्यांदा पडते ती बहुधा अशीच, थांबताना, वळवताना किंवा मागे घेताना. वेगात असताना दुचाकी स्वतःला सावरून धरते. थांबल्यावर तिचा सगळा भार आपल्या एका पायावर येतो. आजची बुलेट ३५० सुमारे १९५ किलोची आहे. आपली जुनी गाडी तिच्यापेक्षा हलकी असली, तरी नेहमीच्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटरचे वजन १०५ ते ११० किलोंच्या आसपास असते. एका पायावर कलती गाडी तोलताना हा फरक गुडघ्याला लगेच कळतो.

शिवाय किकचा प्रश्न मिटतो. अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी लहान लिव्हर) दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे न्यायचा आणि मग सगळे वजन टाकून एक किक मारायची, हा सोहळा ज्याने चाळीस वर्षे केला त्याला तो सोडताना वाईट वाटणारच. पण किक उलटी बसली की घोट्यापासून मांडीपर्यंत जी कळ जाते, ती ६८व्या वर्षी परवडत नाही. स्कूटरवर बसताना पाय सीटवरून टाकावा लागत नाही, हे आणखी एक सुख आहे. गुडघा किंवा खुबा दुखणाऱ्या माणसाला गाडी चालवण्यापेक्षा तिच्यावर चढणे-उतरणेच अधिक अवघड जाते.

इथपर्यंत स्कूटरच्या बाजूने बोललो. आपण कंबरेचा उल्लेख अर्ध्या वाक्यात उरकला आहे, मी मात्र तिथे थांबणार आहे, कारण शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. स्कूटर गुडघ्याला सुख देते, पण कंबरेला देईलच असे नाही. मोटारसायकलवर आपले पाय शरीराच्या साधारण खाली असतात; पुढे खड्डा दिसला की आपण नकळत फूटरेस्टवर भार देऊन सीटवरून दोन बोटे वर उठतो आणि धक्का मांड्यांवर झेलतो. स्कूटरवर पाय पुढे असतात, त्यामुळे तसे उठता येत नाही आणि धक्का थेट माकडहाडातून मणक्यात जातो. त्यात चाके लहान. आपल्या बुलेटची चाके १९ इंची, तर बहुतेक स्कूटरना पुढे १२ इंची आणि मागे १० इंचीच चाक असते. काही मॉडेलना दोन्हीकडे १२ इंची मिळते. जो खड्डा मोठे चाक ओलांडून जाते, त्यात लहान चाक उतरून वर येते. तेव्हा आपल्याला माझा सल्ला असा, की दोन्ही चाके १२ इंची असलेली स्कूटर निवडावी, चाकांत हवा ठरल्यापेक्षा जास्त भरू नये, आणि पैसे देण्याआधी ती शोरूमच्या पुढच्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे, तर आपल्या घराजवळच्या सर्वांत वाईट गल्लीतून पंधरा मिनिटे चालवून पाहावी. संध्याकाळी कंबर काय म्हणते ते ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी निर्णय घ्यावा. हाडांच्या डॉक्टरांकडे जात असाल, तर ‘गाडी चालवू का’ एवढेच न विचारता बसण्याची ही पद्धत त्यांना समजावून सांगावी.

आता सवयीविषयी. आपण दिवस विचारले आहेत. मी तीन महिने म्हणेन, आणि त्याचे कारण आपला अनुभवच आहे. नवशिक्याला फक्त शिकायचे असते, आपल्याला शिकलेले विसरायचेही आहे. आपल्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे; स्कूटरवर दोन्ही पायांना काही काम नाही, तरी डावा पाय काही आठवडे रिकामा पाटा दाबत राहील. त्याने नुकसान काही होत नाही. घोटाळा होतो तो डाव्या हातात. मोटारसायकलवर डाव्या हाताची लिव्हर म्हणजे क्लच, स्कूटरवर ती ब्रेक. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाल्यामुळे बहुतेक स्कूटरवर ही एक लिव्हर दाबली की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक लागतो.

अचानक कोणी आडवे आले तर ही जुनी सवय उलट उपयोगीच पडते, कारण घाबरून दोन्ही मुठी आवळल्या की गाडी थांबते. ती घात करते संथ वळणावर. मी स्कूटर घेतली त्या आठवड्यात पलासियाजवळ यू-टर्न घेत होतो. वेग माणसाच्या चालण्याइतका, हँडल पूर्ण वळलेले, गाडी कललेली. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने डाव्या हाताने क्लच ‘ओढला’. गाडी जागच्या जागी थांबली आणि मी तिच्यासकट अलगद डावीकडे बसलो. मागच्या रिक्षावाल्याने ब्रेक लावून जे उद्गार काढले ते या सदरात छापता येणार नाहीत.

यावर उपाय आहे, आणि तो हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून संथ वेग आवरणे, जाणणाऱ्या माणसाला चटकन जमतो. स्कूटरमध्ये गिअरच्या जागी पट्टा असतो आणि क्लच केंद्रोत्सारी, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढले की आपोआप पकडणारा आणि कमी झाले की सोडणारा. संथ वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की क्लच सुटतो, चाकाला इंजिनाचा आधार राहत नाही आणि गाडी डगमगते. म्हणून यू-टर्न घेताना उजव्या हाताने थोडा अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवावा आणि वेग डाव्या हाताच्या ब्रेकने, तोही दोन बोटांनी, मोजून आवरावा. कॉम्बी ब्रेकमुळे पुढचे चाकही थोडे धरले जाते, म्हणून दाब अगदी हलका हवा. पूर्वी जे हाफ क्लचने करत होता तेच आता ब्रेकने करायचे आहे. सुदामा नगरापासून दसरा मैदान दूर नाही. चार रविवार सकाळी लवकर तिथे जाऊन आठाच्या आकड्यात गाडी फिरवा; पाहणारे हसतील, हसू द्या. हे जमल्याखेरीज राजवाड्याच्या गर्दीत जाऊ नका.

आणखी एक धोका मोटारसायकलवाल्यांच्या ध्यानीमनी नसतो. न्यूट्रलमधली बुलेट इंजिन चालू ठेवून फाटकातून ढकलत बाहेर काढली तरी काही बिघडत नाही. स्कूटरला न्यूट्रल नाही. इंजिन चालू असताना शेजारी उभे राहून ती ढकलली आणि तोल सावरताना उजवी मूठ फिरली, तर ती आपल्याला ओढत समोरच्या भिंतीवर नेते. माझ्या परिचयातल्या दोघांचे मनगट असेच मोडले आहे. दोघेही मुरलेले मोटारसायकलस्वार, आणि दोघेही स्वतःच्याच घराच्या उतारावर. गाडी ओट्याखाली उतरवताना किल्ली बंद ठेवा. बसल्यावरच ती सुरू करा.

शहराबाहेरचे थोडक्यात सांगतो. ओंकारेश्वर इंदूरहून सुमारे ८० किलोमीटर आहे आणि स्कूटरवर तिथे जाता येते, पण सिमरोळच्या पुढे माळव्याचे पठार उतरताना बुलेट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिन जसे गाडीला धरून ठेवते, तसा आधार स्कूटर देत नाही. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि ड्रम ब्रेक तापल्यावर धरेनासा होतो. त्यामुळे दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि मुळात सावकाश उतरायचे. माझे मत विचाराल तर त्या घाटासाठी बस चांगली.

बुलेट इतक्यात विकू नका. सहा महिने ती घरात असू द्या, पण त्या काळात दोन्ही गाड्या आलटूनपालटून चालवू नका. नाहीतर हात गोंधळलेलेच राहतील. सहा महिन्यांनी ती सुरू करण्याची आठवणसुद्धा झाली नाही, तर उत्तर आपल्याला मिळालेले असेल. ठेवायचीच असेल, तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारे नोंदणीचे नूतनीकरण आणि विमा चालू आहे ना, ते पाहावे.

प्रश्न : आम्ही लोकमान्य नगरात राहतो. माझे यजमान ६४ वर्षांचे असून १०० सीसीची मोटारसायकल चालवतात. मागे बसताना मला त्रास होतो, म्हणून मी स्कूटरचा विषय काढते. पण ‘ती बायकांची गाडी’ एवढेच उत्तर मिळते. त्यांना कसे पटवावे?

उत्तर : आपल्या यजमानांना त्यांचे स्वतःचे तरुणपण आठवून द्यावे. स्कूटर ही पुरुषांचीच गाडी होती. १९४६ साली इटलीत व्हेस्पा आली, ती कोर्रादिनो दास्कानियो नावाच्या विमान-अभियंत्याने रेखली होती, आणि त्याला मोटारसायकली आवडत नसत. पुढे आपल्याकडे १९७२पासून बजाजची चेतक आली आणि कचेरीत जाणारे कितीतरी पुरुष नंबर लावून वर्षानुवर्षे तिची वाट पाहत होते. हा ‘बायकांची गाडी’ शिक्का बसला तो गिअर गेल्यावर, म्हणजे १९८०च्या दशकात बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली तेव्हा. ती गाडी आपल्या शेजारी पीथमपूरलाच तयार होत असे, हेही त्यांना सांगावे. इंदूरकराने तिला नावे ठेवणे शोभत नाही.

तरी एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. १०० सीसीची मोटारसायकल आणि स्कूटर यांच्या वजनात फारसा फरक नसतो. त्यांचे गुडघे ठीक असतील, तर केवळ वयाचा आकडा पाहून गाडी बदलण्याचे कारण नाही. प्रश्न आपल्या बसण्याचा आहे आणि तो वेगळा सोडवता येतो. आपण एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसत असाल, तर स्कूटरवरही तोल तितकाच एकीकडे जाईल, आणि मागे बसणाऱ्याचा भार स्कूटरच्या लहान मागच्या चाकावर येत असल्यामुळे आपल्याला धक्के कदाचित जास्तच बसतील. दोन्हीकडे पाय टाकून बसणे जमत असेल, तर आधी आहे त्याच गाडीवर ते करून पाहावे. तरीही स्कूटर घ्यायचे ठरले, तर चाचणीच्या वेळी आपणही मागे बसावे आणि हाताला मागची पकड येते का व पाय टेकायची पट्टी आपल्या उंचीला पुरते का, हे स्वतः तपासावे.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांना मोटारसायकलच्या बदल्यात विजेवरची स्कूटर घेऊन द्यावी का? त्यासाठी वेगळा परवाना लागेल का?

उत्तर : विजेच्या स्कूटरचा एक गुण वय झालेल्यांना फार उपयोगी आहे, तो म्हणजे रिव्हर्स. अनेक मॉडेलमध्ये बटण दाबून गाडी हळू मागे घेता येते. पहिल्या पत्रातल्या काकांची गाडी जशी पडली, तशी वेळच येत नाही. मात्र ती थांबलेली असताना आवाज करत नाही, त्यामुळे ती बंद आहे असे समजून मूठ फिरवली जाते आणि ओढही क्षणात लागते. वडिलांना पहिले महिने सर्वांत सौम्य मोडमध्येच चालवू द्यावे. वजन मॉडेलनुसार बरेच बदलते, तेव्हा बॅटरीच्या किलोमीटरआधी ते विचारावे, आणि डबल स्टँडवर गाडी वडिलांनी स्वतः लावून पाहावी, विक्रेत्याने नव्हे.

गिअरच्या मोटारसायकलचा परवाना असेल तर त्यावर बिनगिअरची स्कूटर, नोंदणी लागणारी विजेची धरून, चालवता येते. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि त्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागते. वडिलांच्या परवान्यावरची तारीख गाडी बुक करण्याआधी पाहा. त्या तपासणीला जाल तेव्हा मोतीबिंदूही बघून घ्या; समोरच्या गाडीचा दिवा रात्री फुटल्यासारखा पसरून दिसतो अशी त्यांची तक्रार असेल, तर गाडी कोणतीही असो, अंधार पडल्यावर ती बाहेर काढू नये.