बाळाची यादी झाली, बाळंतिणीची कुठे आहे?

प्रश्न : ताई, माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून आमच्याकडे येते आहे. तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली. तिने मोबाईलवर यादी पाठवली आहे : दुधाच्या बाटल्या, त्या उकळायचं मशीन, दूध काढायचा पंप, बाळाला अंगाशी बांधायची पिशवी, उशा-लोडांसकट बिछाना, हातमोजे, पायमोजे. सगळं घेतलं तर वीस हजारांच्या वर जातं, आणि आमच्या हाताशी दहाएक हजार आहेत. विहीणबाई म्हणतात, बाळ जन्मण्याआधी त्याचं काही आणू नये. काय घ्यावं? आमचं घर जुनं, चिऱ्याचं आहे. संडास मागे परसात आहे.
– एक आई, देवगड तालुका

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी तिथूनच सुरुवात करते. उपकेंद्रात नर्स होते तेव्हा बाळंतिणीच्या घरी गेले की आधी संडास कुठे आहे ते विचारायची. घरच्यांना वाटायचं, नर्सबाईंनाच जायचंय.

टाके खालचे असोत की पोटावरचे, उकिडवं बसताना ओढ बसते. त्यात जुलैचा पाऊस, रात्रीची वेळ, लाईट गेलेली आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. मग पोरी काय करतात? लघवी धरून ठेवतात. जायला लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. आठवड्याभरात शौचाला खडा होतो आणि टाक्यांवर जोर येतो. तेव्हा दहा हजारांतली पहिली खरेदी कमोडची खुर्ची. खाली भांडं असलेली घ्या, म्हणजे रात्री खोलीतच सोय होते. साधी खुर्ची दोनेक हजारांच्या आतबाहेर येते. तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडे भाड्याने मिळते का तेही विचारून बघा. न्हाणीत पाट नको, पाठ असलेलं प्लास्टिकचं स्टूल ठेवा. पायऱ्या जूनमध्येच ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या आणि वाटेवर माडाची झापं अंथरा. याला पैसे पडत नाहीत, पण जावईबापूंना एक दिवस कामाला लावता येतं.

मग तिचे कपडे. पुढून उघडणारे सुती गाऊन चार, पोटावरच्या टाक्यांना इलास्टिक लागणार नाही अशा उंच कमरेच्या चड्ड्या, आणि बाळंतिणीचे मोठे पॅड भरपूर. पुण्याच्या यादीत यातलं काहीच नाही. पहिले काही दिवस अंगावरून बरंच जातं. मात्र तासाभरात अख्खा पॅड भिजू लागला, ताप आला, वास येऊ लागला, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

विहीणबाईंशी वाद घालू नका. आईच्या वस्तू आणायला त्यांची हरकत नाही, आणि घरातल्या जुन्या लुगड्यांचे लंगोट फाडले तर ती काही खरेदी होत नाही. बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट ओले करतं. आपल्या पावसात कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो, म्हणून तीन डझन तरी हवेत. दुपटी आठ-दहा, झबली सहा, टोपडी दोन-तीन. धुऊन, मेमधल्या उन्हात कडकडीत वाळवून डब्यात भरा. डब्यात डांबरगोळ्या मात्र टाकू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो आणि त्या गोळ्यांच्या वासाने त्यांच्या लाल पेशी फुटून कावीळ वाढते. कुठल्या बाळात तो दोष आहे हे आधी कळत नाही. पावसात लंगोट पंख्याखाली वाळवा, लाईट असेल तेव्हा इस्त्री फिरवा. चुलीवर धरलेल्या लंगोटाला धुराचा वास राहतो. कोळशाची शेगडी आणि धुरी बंद खोलीत नकोच नको. डायपरचं एकच छोटं पाकीट आणा, रात्रीपुरतं. बाळ भराभर वाढतं.

आता बाटल्या. आपल्याकडे दुधाच्या बाटल्यांची आणि पावडरींची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. पहिल्या तासात अंगावर घ्यायचं, चीक टाकायचा नाही, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही. मध आणि गुटीही नाही. बाटल्या नाहीत तर उकळायचं मशीनही नाही. पंप लागलाच, बाळ काचेच्या पेटीत राहिलं तर, तेव्हा आणता येईल. तोवर हाताने वाटीत काढून चमच्याने पाजता येतं. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल तर दूध पुरतंय, विहीणबाई काहीही म्हणोत. उशा-लोडांचा सेट वगळा. बाळाला घट्ट गादीवर उताणं निजवा, मोहरीची उशीही नको. वर मच्छरदाणी हवीच. डिजिटल थर्मामीटर एक घ्या : बाळाचा ताप ९९.५ च्या वर किंवा अंग ९७.७ च्या खाली गेलं, किंवा ते ओढीने पीत नसेल, तर दवाखाना गाठा. पिशवी पुढच्या वर्षी बघू.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण शेजारीण मोरी घेऊन येईलच, दूध वाढतं म्हणून. मोरी म्हणजे शार्क. असल्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, तेव्हा अंगावर पाजणारीने ती टाळलेली बरी. तसंही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्यावर ओढलेले असतात. कुळथाची पिठी, नाचणी, मूग, अंडी, अळिवाची खीर भरपूर द्या. ऑगस्टमध्ये बांगडे-तारल्या आल्या की त्या खुशाल. बाळंतिणीला पाणी कमी द्यावं हे जुनं खूळ ऐकू नका. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात.

एक काम बिनपैशाचं आहे, ते आत्ताच करा. मुलीचं नाव पुण्यात नोंदलेलं असेल. तिचं माता-बाल कार्ड घेऊन तुमच्या आशाताईंना आणि उपकेंद्रात कळवा. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन-तापमान बघतात, पण नावच ठाऊक नसेल तर येणार कशा? बीसीजी आणि कावीळ-बी ची जन्माची लस दवाखान्यातच टोचून घ्या, पोलिओचे थेंबही तिथेच पाजून घ्या. कावीळ-बी ची लस २४ तासांच्या आत. पुढची दीड महिन्याने, तुमच्याच उपकेंद्रात.

प्रश्न : नणंदेला मुलगा झाला. बाळंतविड्यात झबल्यांऐवजी काय द्यावं? ती चिपळूणला, मी दापोलीत.
– एक वहिनी

उत्तर : जवळ असतात तर डबा सांगितला असता. आता पुढून बटणं असलेले दोन सुती गाऊन द्या, तिच्या मापापेक्षा एक माप मोठे, आणि एका हाताने उघडता येईल अशी नळीची पाण्याची बाटली. पाजायला बसलं की घसा कोरडा पडतो आणि दुसरा हात बाळाखाली अडकलेला असतो. कानटोपी तिला आतापर्यंत चार तरी आल्या असतील.