पालवी-फुलोऱ्याच्या तारखा लिहून ठेवणं हे विज्ञान आहे का? प्रयोगाशिवाय त्याला काय अर्थ?

आहे. आणि 'नुसत्या तारखा' म्हणणाऱ्यानं एकदा तरी त्या घेऊन बघाव्यात.

हाच प्रश्न मला प्रबंधाच्या व्हायव्हात ऐकावा लागलाय. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या नोंदवह्या चाळत म्हणाले, "हे तर कारकुनी काम झालं. प्रयोग कुठंय?" माझ्या मार्गदर्शकांनी तोंडातून ब्र काढला नाही.

काम काय होतं ते सांगतो. ठरावीक फांद्यांना दोरा बांधून ठेवायचा आणि एक दिवसाआड जाऊन तेच डोळे, म्हणजे पानांच्या बंद कळ्या, भिंगातून बघायचे. आधी डोळ्यावरचे खवले सैल होतात, मग टोकाशी हिरवी रेघ दिसते, मग पानाची घडी उलगडते. यातल्या कुठल्या टप्प्याला 'पालवी फुटली' म्हणायचं हे आधी ठरवून लिहावं लागतं. नाहीतर एकाच फांदीसाठी दोघांच्या तारखांत सहज आठवड्याचा फरक पडतो. असले निर्णय कुठल्या कारकुनाला घ्यावे लागतात?

परीक्षकांचा हट्ट एकच होता: बंद कक्षात तापमान वाढवा, दोन-तीन महिन्यांत उत्तर मिळेल. पुढे 2012 साली एलिझाबेथ वोल्कोविच या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. त्यांनी कृत्रिम उष्णतेचे प्रयोग आणि निसर्गातल्या दीर्घकालीन नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. तापमानवाढीमुळे फुलं किती लवकर येतात याचा प्रयोगांतून निघणारा अंदाज नोंदींपेक्षा साडेआठ पटींनी कमी निघाला, पालवीचा चार पटींनी. मी तो निबंध परीक्षकांना मेल केला. उत्तर नाही.

इंग्लंडात नॉरफकच्या रॉबर्ट मार्शमनं 1736 पासून वसंताच्या खुणा टिपल्या आणि त्याच्या वंशजांनी ते 1958 पर्यंत चालू ठेवलं. जपानमधल्या क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत, दरबारी लोकांच्या रोजनिशांतून वेचलेल्या. म्हणून तर 2021 चा 26 मार्चचा पूर्ण बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, हे कळलं. कुठल्या कक्षात बाराशे वर्षं बसवणार? चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञानं 1958 पासून हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला. तो मे महिन्यात शिखरावर असतो आणि उत्तर गोलार्धातली झाडं वाढीला लागली की शरदापर्यंत उतरत जातो. तीही मोजणीच ना?

आता कबूल करायला हवं, तारखा 'का' ते सांगत नाहीत. गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूची रोपं रोज ठरल्या वेळी अंधारात नेली आणि 1920 मध्ये ते प्रयोग छापले, तेव्हा कुठे फुलोऱ्यामागे दिवसाची लांबी असते हे पक्कं झालं. नुसत्या नोंदींतून ते सुटलं नसतं, कारण दिवस मोठा होतो तेव्हाच ऊनही वाढतं. परीक्षकांनी एवढंच म्हटलं असतं तर माझं भांडण नव्हतं.

तुम्ही काम सुरू करणार असाल तर मार्गदर्शक शेतात-रानात जाणारा बघा. पहिल्या फुलाच्या तारखेवर विसंबू नका. झाडं आणि बघणारे वाढले की ती आपोआप अलीकडे सरकते. निम्मी झाडं फुलल्याची तारीख घ्या. आणि काहीच दिसलं नाही त्या दिवशीही 'अजून नाही' असं लिहा, नाहीतर फूल त्या दिवशी आलं की तुम्ही त्या दिवशी गेलात, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.