डब्ल्यूडब्ल्यूईमधले व्हिलन खरंच पैलवान असतात की नुसते ॲक्टर?

दोन्ही असतात. पण तुमचा खरा प्रश्न मला असा वाटला की हे सगळं आधीच ठरलेलं असतं तर त्या व्हिलनला कुस्ती यायची गरजच काय. त्यासाठी एकाच माणसाबद्दल सांगतो, आयर्न शेख. आमच्या वयाच्या लोकांनी त्याला फार उशिरा पाहिला, तोपर्यंत तो थकलेला होता, पण त्याच्या जुन्या मॅचेस बघाल तर लक्षात येईल मी काय म्हणतोय ते.

खरं नाव हुसेन खोसरो अली वझिरी, जन्म 1942, गाव इराणमधलं दामघान. मी स्वतः तालमीत तीन वर्षं काढलीत म्हणून सांगतो, कुस्ती, पैलवान, वस्ताद हे आपले रोजचे शब्द फारसीतूनच आलेत, आणि हा माणूस त्याच मुळातला. इराणमध्ये जोरखाना असतो, आपल्या तालमीसारखाच, आणि तिथे लाकडाचे जड मील फिरवतात, म्हणजे आपला करेला किंवा जोडी म्हणा. शेख रिंगमध्ये हे मील घेऊन यायचा. ज्यानं कधी करेला फिरवलाय त्याला माहितीय, तो हाताच्या ताकदीवर फिरत नाही, पाठीमागे सोडताना खांदा मोकळा ठेवायचा आणि वर घेताना नेमक्या वेळी मनगट वळवायचं, एक क्षण चुकला की सगळं वजन कोपरावर येतं. शेखच्या हातात ते मील असे फिरायचे की त्यात ॲक्टिंगचा प्रश्नच नाही, ती वर्षानुवर्षांची मेहनत आहे.

त्याचा आदर्श होता घोलामरेझा तख्ती, 1956 चा ऑलिंपिक गोल्ड मेडलिस्ट (1952 ला हेलसिंकीत आपल्या खाशाबांनी ब्राँझ आणलं, त्याच ऑलिंपिकमध्ये तख्तीला सिल्व्हर होतं). 1968 मध्ये तख्ती तेहरानच्या एका हॉटेलात मृत सापडला, सरकारनं आत्महत्या म्हटलं, लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही. वझिरीनं काही काळ इराणच्या राजाच्या, म्हणजे शहाच्या, घराण्याचा बॉडीगार्ड म्हणून काम केलं होतं, पण तख्ती गेल्यावर तो घाबरला आणि अमेरिकेत निघून गेला. तिथे 1971 मध्ये ग्रीको-रोमन कुस्तीत (यात कमरेखाली पकड चालत नाही) एएयूची, म्हणजे तिथल्या हौशी खेळाडूंच्या संघटनेची, नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली, अमेरिकेच्या ऑलिंपिक टीमसोबत असिस्टंट कोच म्हणून राहिला. मग मिनेसोटात व्हर्न गान्याच्या (हा पैलवान आणि एका रेसलिंग कंपनीचा मालक) कॅम्पमध्ये प्रोफेशनल रेसलिंग शिकला, त्याच बॅचला पुढे मोठा स्टार झालेला रिक फ्लेअर होता.

आता व्हिलन कसा बनवला ते बघा. डोकं तुळतुळीत, मोठी मिशी, टोकाला वर वळलेले बूट, आणि नाव शेख, जे अरबी आहे, इराणी नाहीच. 1979 मध्ये तेहरानला अमेरिकन दूतावासातले लोक ओलीस धरले गेले, 52 जण 444 दिवस अडकले होते, आणि त्या रागाच्या काळात हा माणूस इराणचा झेंडा घेऊन रिंगमध्ये येऊन 'इराण नंबर वन' ओरडायचा आणि अमेरिकेचं नाव घेऊन थुंकायचा. लोक खवळायचे. त्यातल्या कुणालाच माहिती नव्हतं किंवा फरक पडत नव्हता की हा स्वतः तिथून जीव वाचवून आलेला आणि त्यांच्याच देशाच्या पैलवानांना शिकवलेला माणूस आहे. मला हे फार लागतं मनाला.

26 डिसेंबर 1983, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर बॉब बॅकलंड, जवळपास सहा वर्षं चॅम्पियन. शेखचा डाव कॅमल क्लच, म्हणजे समोरच्याला पालथा पाडून पाठीवर बसायचं, त्याचे दोन्ही हात आपल्या मांड्यांवर अडकवायचे आणि हनुवटीखाली बोटं गुंफून मान मागे ओढायची. बॅकलंडनं हार मानलीच नाही, त्याच्या मॅनेजरनंच टॉवेल फेकला. शेख चॅम्पियन झाला. आणि चार आठवड्यांनी, 23 जानेवारी 1984 ला, तिथेच हल्क होगननं तो डाव तोडला, पाठीवरच्या शेखला घेऊन मागे कोपऱ्यात आदळला आणि लेगड्रॉप मारून (उडी घेऊन पडलेल्याच्या अंगावर पाय आदळायचा) पिन केलं, म्हणजे तीन मोजेपर्यंत खांदे जमिनीला टेकवले. होगनमेनिया, म्हणजे लोकांचं होगनवेड, तिथून सुरू झालं. शेख नंतर कायम सांगायचा की गान्यानं, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मालकानं, त्याला होगनचा पाय मोडायला एक लाख डॉलर देऊ केले होते आणि त्यानं नकार दिला. खरं काय ते त्यालाच ठाऊक, पण एवढं नक्की की त्यानं मनात आणलं असतं तर तो खरंच मोडू शकला असता, आणि म्हणूनच होगन जिंकला तेव्हा लोकांना ते काहीतरी भारी वाटलं. व्हिलनला कुस्ती का यावी लागते ते इथे आहे. समोरचा खरा घातक वाटला नाही तर हिरो कुणाला हरवतोय?

पुढे 1985 च्या पहिल्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, निकोलाय व्होल्कोफबरोबर टॅग टीम (दोघांच्या जोडीचं) टायटल घेतलं. व्होल्कोफ रशियन बनून सोव्हिएत राष्ट्रगीत गायचा, मूळचा क्रोएशियाचा होता. 1987 मध्ये मात्र शेख आणि हॅकसॉ जिम डगन, टीव्हीवर एकमेकांचे वैरी, न्यू जर्सीत एकाच गाडीत पोलिसांना सापडले, डगनकडे गांजा आणि शेखकडे कोकेन. त्या काळी हिरो आणि व्हिलननं एकत्र दिसणं हाच मोठा गुन्हा होता, दोघांचीही नोकरी गेली. 1991 ला गल्फ वॉरच्या वेळी त्याला परत आणलं ते कर्नल मुस्तफा म्हणून, इराकी! ज्या इराकबरोबर त्याच्या देशाचं आठ वर्षं युद्ध झालं त्याच इराकचा युनिफॉर्म घातला त्यानं, काम म्हणून.

नंतरची वर्षं वाईट गेली. ड्रग्ज, गुडघे गेले, 2003 मध्ये मुलीचा तिच्या बॉयफ्रेंडनं खून केला. म्हातारपणी ट्विटरवर शिव्या देणारा बाबा म्हणून नवीन पोरांना तो माहिती झाला. 2023 च्या जूनमध्ये जॉर्जियात गेला, 81 वर्षांचा होऊन.

मला त्याची 2001 ची रेसलमेनियाची मॅच सगळ्यात जास्त आठवते. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये जुन्या लोकांची बॅटल रॉयल, ज्याला वरच्या दोरावरून बाहेर टाकतील तो आऊट. शेखच्या गुडघ्यांची अवस्था अशी की दोरावरून खाली पडणं त्याला झेपणार नव्हतं, म्हणून शेवटी तोच जिंकेल असं ठरवलं. साठीला आलेला माणूस, हजारो लोक, आणि जिंकल्यावर त्याचा जुना वैरी सार्जंट स्लॉटर आला आणि त्याला कोब्रा क्लच, म्हणजे मागून मान आवळायचा आपला डाव, लावला. चार वर्षांनी त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा स्टेजवर त्याची ओळख करून द्यायला हाच स्लॉटर उभा होता.